लाथेचा दवाखाना

पाठीत उसण भरलेला माणूस माझ्या दवाखान्यात आला की पहिली गोष्ट कोणती करतो, तर माझ्याकडे पाठ करून उभा राहतो. नाव सांगत नाही, कधीपासून दुखतं ते सांगत नाही. दोन्ही हात भिंतीला टेकवतो, मान खाली घालतो आणि म्हणतो, "हं, मारा मॅडम."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नागपुरात राहून रीतसर पदवी घेतली. हाडं, स्नायू, शिरा, सगळं पाठ केलं. त्या अभ्यासक्रमात लाथ मारणे हा विषय नव्हता. तरीही हिंदी राज्यातल्या आमच्या मराठी मुलखात, पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत आणि मोहगावपासून बोरगावच्या कारखान्यांपर्यंत माझं जे नाव झालं, ते पदवीमुळे झालेलं नाही. ते माझ्या डाव्या पायामुळे झालं, कारण माझी ख्याती पायाळू अशी आहे. जन्मताना ज्याचे डोक्याआधी पाय बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाची लाथ पाठीला लागली की उसण जागच्या जागी पळते, असं आमच्याकडे मानतात. पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं आणि त्याच्यावर वीज पडते, हेही त्याच समजुतीत बसतं. धन मला आजवर दिसलेलं नाही. विजेचं म्हणाल, तर ढग गडगडायला लागले की माझ्या दवाखान्यातले पेशंट एकेक करून उठतात आणि समोरच्या पानठेल्यावर जाऊन उभे राहतात. आभाळ शांत झालं की परत येऊन आपापल्या जागेवरून भांडतात.

या सगळ्याची सुरुवात झाली माझ्या साखरपुड्यात, आणि दोष द्यायचाच तर तो आपल्या मराठी भाषेला द्यावा लागेल. माहेर माझं काटोलचं. साखरपुड्याला पांढुर्ण्याची मंडळी आली, त्यात माझ्या होणाऱ्या सासूबाई कमरेला हात लावून बसल्या होत्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात आणि सासऱ्यांना मामाजी. तर आत्याबाईंच्या कमरेत प्रवासात चमक भरली होती. माझ्या आईला त्यांचं वाईट वाटलं आणि ती म्हणाली, "काळजी कायले करता, आमच्या घरी पायाळू पोर हाये ना."

आता पोर म्हणजे मुलगा की मुलगी, हे आपल्या भाषेत ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. आम्ही सहा भावंडं. पण त्या वेळी शालू नेसून, मान खाली घालून आत्याबाईंच्या पुढ्यात बसलेलं पोर एकच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो माझी पदवी ऐकून पसरला नव्हता. हॉलमध्ये त्यांनी लगेच सगळ्यांना सांगून टाकलं. पुढं मी आईला विचारलं की बाई, मी खरंच पायाळू आहे का. आई म्हणाली, "सहा बाळंतपणं झाली माही. कोणाचं डोकं आधी आलं न् कोणाचे पाय, काय ध्यानात राहते? एक पोर पायाळू होतं एवढं पक्कं. तूच असशीन." या शास्त्रीय पुराव्यावर मी पायाळू ठरले.

लग्नानंतर घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटला. एक टेबल, एक शेकाची मशीन, भिंतीला माणसाच्या स्नायूंचा एक मोठा लालभडक तक्ता. आमचा पेंटर हा शब्द जन्मात पहिल्यांदा लिहीत होता. त्यानं पाटीवर 'फौजियोथेरपी' असं रंगवलं. पहिल्या महिन्यात एकच माणूस आला, तो रिटायर्ड फौजी होता आणि त्याला काही झालेलं नव्हतं. इथं फौजी लोकांना काय सवलत मिळते एवढंच विचारायला तो आला होता. पाटी दुरुस्त केली, तर त्यानंतर तोही येईना. मी सकाळ-संध्याकाळ टेबल पुसायची आणि तक्त्याकडे बघत बसायची.

मग वामनराव आले. वामनराव म्हणजे संत्र्याचे बडे व्यापारी, देहानेही बडे. क्रेट कसा उचलावा हे मजुरांना दाखवायला गेले आणि तसेच काटकोनात अडकले. दोघांनी धरून आणलं. आल्या आल्या माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाले की मारा. मी म्हटलं, काय मारू? तर म्हणाले, लाथ. मी सांगितलं की हा दवाखाना आहे, इथं तपासून इलाज होतो. तुमच्या आधी दोघं याच कामाला येऊन गेले, त्यांनाही परत पाठवलं. वामनराव हलले नाहीत. पाठ माझ्याकडे आणि नजर जमिनीकडे होती, त्यामुळे माझ्या रागावलेल्या चेहऱ्याचा त्यांच्यावर काही परिणाम होण्याची सोय नव्हती. म्हणाले, मी इथून जात नाही.

मला तेव्हा जे सुचलं त्यावर माझा पुढचा सगळा धंदा उभा राहिला. मी म्हटलं, बरं, मारते. पण आधी तपासू द्यावं लागेल, कारण लाथ कुठं बसली पाहिजे ते तपासल्याशिवाय कळत नाही. आणि लाथेनंतर मी सांगेन ते पथ्य पाळायचं, नाही पाळलं तर लाथ उतरते.

'लाथ उतरते' हा शब्दप्रयोग माझा. आता तो पांढुर्णा आणि सौंसर या दोन तालुक्यांत पिढ्यानपिढ्यांचा असल्यासारखा वापरतात, आणि मला तो शिकवणारीही माणसं भेटली आहेत.

वामनरावांना नीट तपासलं. पाय बधिर नव्हता, बोटांत जोर होता, लघवीची तक्रार नव्हती. पाठीचा स्नायू ताणला गेला होता आणि तो घाबरून आवळून बसला होता, एवढंच. मग चप्पल काढली आणि डाव्या पायाचा अंगठा त्यांच्या कमरेला टेकवला. ते म्हणाले, मॅडम, लागली नाही. मग जरा बरी लावली. आता वडीलधाऱ्या माणसाला पाय लागला म्हणजे नमस्कार करणं आलं. तशी मी लगेच खाली वाकले, आणि वामनरावांनी काटकोनातूनच मला अखंड सौभाग्यवती भव म्हटलं. त्यानंतर शेक दिला, हळूहळू हालचाल करून घेतली, घरी करायचे व्यायाम शिकवले, आणि लोळायचं नाही, चालत राहायचं, हे बजावलं. आठवडाभरात गडी सरळ झाला. बाजारात त्यांनी व्यायामाचं नाव घेतलं नाही. लाथ मात्र ज्याला त्याला उभं राहून दाखवली.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात रिकामी खुर्ची राहिलेली नाही.

इथं वाचकांसाठी दोन शब्द कामाचं सांगून टाकते, कारण आपल्याकडे हातापायाला काहीही झालं तरी 'नस चढली' यापलीकडे निदान जात नाही. नस कशावर चढते, मग कुठून उतरते, हे मी तीस वर्षं विचारून राहिले आहे. खरं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी असतात. हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात. पाय वाकडा पडला की ते ताणले जातात किंवा फाटतात, आणि सांधा सुजतो. हे झालं मुरगळणं. स्नायू स्वतःच ताणला गेला तर ती लचक. ती पाठीत भरली की उसण. मुरगळलेला सांधा दुखतो आणि फुगतो, लचकलेला स्नायू हालचाल केली की ओरडतो. हातापायाचं असेल तर दोन्हीत पहिले दोन दिवस त्या जागेला विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ, पट्टी, आणि पाय असेल तर उशीवर उंच. गरम तेलानं चोळायचं नाही. पाठीच्या उसणीला मात्र शेक आणि चालणं. पण आमच्याकडे घोटा सुजला की घरातला सगळ्यात जाडजूड माणूस बोलावतात आणि त्याच्याकडून तो रगडून घेतात. पेशंट जितका ओरडेल तितकी मालिश चांगली. आंबेहळदीचा लेप लावला तर मी काही बोलत नाही, त्यानं निदान कोणी त्या जागेला हात लावत नाही.

आणि मुरगळल्यावर पाय टेकून चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवताच माणूस उडत असेल, तर आधी एक्स-रे. कांताबाईचं तसंच झालं होतं. मोहगावकडच्या बगीच्यात संत्री तोडताना ती शिडीवरून घसरली. नणंदेच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आली आणि पाय माझ्यापुढं करून म्हणाली की इथं मारा. मी बोट लावलं, ती किंचाळली. मी सांगितलं की हाड गेलेलं दिसतं, सरकारी दवाखान्यात जा, प्लास्टर लागेल. तिचं तोंड एवढंसं झालं. एवढ्या लांब येऊन लाथेविना परत जायचं म्हणजे काय. शेवटी मी म्हटलं, मोडलेल्या हाडाला लाथ लागू पडत नाही, वाया जाते. हे मात्र तिला पटलं. प्लास्टर निघाल्यावर टोपलीभर संत्री घेऊन आली आणि बाकीच्या बायांना सांगत होती, "मॅडमनं माह्यावर लाथ वाया नाई घालवली."

सगळेच इतके समजूतदार नसतात. बसस्टँडजवळ चहाचं हॉटेल चालवणारे एक गृहस्थ उसण भरली की पंधरा पंधरा दिवस अंथरूण सोडायचे नाहीत. मी म्हटलं, लोळून स्नायू आणखी आखडतो, उठून चाला, नाहीतर लाथ उतरेल. ते सौंसरजवळच्या जामसांवलीच्या देवस्थानाचे भक्त, दर शनिवारी जाणारे. तिथला मारुती आडवा पहुडलेला आहे हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. ते मला म्हणाले, "मॅडम, खुद्द देव लेटून राहिले, न् तुम्ही मले चाल म्हणता." मी म्हटलं, देवानं आधी डोंगर उचलून आणला, मग आडवा झाला. तुम्ही काय उचललं? ते उठले आणि चालायला लागले.

आणि एक साहेब होते, राज्याच्या वरच्या भागातून बदली होऊन आलेले, शुद्ध हिंदी बोलणारे. चपराश्यानं भरीस घालून पाठवलेले. लाथ खाऊन, शेक घेऊन, बरे होऊन निघाले आणि दारात घुटमळले. म्हणाले, "मैडम, बिल में क्या लिखेंगी?" मी 'मैन्युअल थेरेपी', म्हणजे हातानं केलेला इलाज, असं लिहून दिलं. हाताऐवजी पाय होता एवढाच काय तो फरक.

माझ्या वर्गातल्या मैत्रिणी नागपूर-पुण्यात मोठमोठ्या हॉस्पिटलांत आहेत. कधी भेटलो की त्या नव्या मशीनबद्दल बोलतात आणि मी विषय बदलते. एवढं शिकून शेवटी लाथाच मारल्या, हे कधी कधी फार टोचायचं. माझा मधला भाऊ नागपुरात बँकेत आहे, खुर्चीत बसून बसून पाठ धरलेली. तोसुद्धा दर भाऊबीजेला ओवाळणी घालायच्या आधी भिंतीला हात टेकवून उभा राहायचा. म्हणायचा, ताई, तुझ्या लाथेला तोड नाही. सख्ख्या भावाकडूनही एवढंच कौतुक.

पण खरं टोचायचं ते दुसरंच. या सगळ्या वर्षांत एक माणूस माझ्या दवाखान्यात कधीच आला नाही, आणि तो माझ्याच घरात राहायचा. माझे सासरे.

मामाजी म्हणजे गावाचे सर. शाळेत विज्ञान शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर गावाला शिकवायला लागले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि दुसऱ्याचं खोटं ऐकून गप्प बसणं तर त्याहून नाही. तेराव्याला जेवायला गेले तर मयताचं वय दुरुस्त करून येतात. शेजारच्या मुलाला बघायला पाहुणे आले, त्यांनी सहज विचारलं की मुलगा अभ्यासात कसा होता, तर सरांनी गणितातले मार्क सांगितले आणि पाहुणे चहा न घेता गेले. अशा माणसाच्या घराच्या पुढच्या खोलीत सून लाथा मारते. संध्याकाळी पेशंट जमायला लागले की मामाजी चप्पल घालून वाचनालयात जायचे आणि शेवटचा पेशंट गेला की यायचे. कधी चुकून डोकावले नाहीत. घरात त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

बाहेर मात्र लोक त्यांना गाठायचेच. सर, तुमची सून पायाळू आहे ना, असं विचारायचे. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. म्हणायचे, "तिच्या हाताला गुण आहे." लोक हसायचे, की सरांना लाथ म्हणायची लाज वाटते. मलाही तसंच वाटायचं आणि त्याचं फार वाईट वाटायचं. मी किती माणसं चालती केली, वीटभट्टीवरच्या बायांचे खांदे सोडवले, ज्यांचा पाय बधिर होता त्यांना ओळखून वेळेत नागपूरला पाठवलं. लाथ हे नुसतं दार होतं, काम पुढं होतं. ते काम या माणसानं एकदा आत येऊन बघावं एवढीच माझी इच्छा होती. जगानं लाथ म्हटलं तर म्हणू दे, पण जो विज्ञान शिकवतो त्याला तरी कळावं. ते होत नव्हतं आणि मामाजींची ऐंशी तर कधीच उलटली होती.

पुढचं लिहिलं तर दवाखाना रिकामा होईल की काय, म्हणून लिहू का हे मी मामाजींनाच विचारलं. ते म्हणाले की खुशाल लिही, लोक वाचतील आणि मॅडमचा मोठेपणा म्हणतील, पेशंट काही कमी होणार नाहीत.

परवाच्या उन्हाळ्यात मामाजी कूलरमध्ये पाणी टाकत होते. बादली मी उचलते म्हटलं की त्यांना राग येतो. बादली अर्धी उचलली गेली आणि मामाजीही अर्धेच राहिले. आवाज ऐकून मी धावले, तर एका हातानं कूलर धरलेला, कंबर वाकलेली, चेहरा पांढरा. आत्याबाईंनी आरडाओरडा केला नाही, फक्त दारात जाऊन शेजारणीला सांगितलं. तेवढं पुरे झालं. माझी संध्याकाळची वेळ झालीच होती, बाहेर पेशंट बसलेले, त्यात गल्ली येऊन मिळाली. काठी टेकत वामनरावही आले. त्यांची पाठ आजही ठणठणीत आहे आणि ते स्वतःला या विषयातले जाणकार समजतात.

सुनेनं सासऱ्याला लाथ मारावी की नाही यावर माझ्या दारात चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, पाप लागेल. दुसरा म्हणाला, मधे चादर धरली तर लागत नाही. वामनरावांचं मत पडलं की लाथ लावून नमस्कार केला की फिटंफाट. शेवटी आत्याबाईंनी निकाल दिला. "सासरे घरात. दवाखान्यात पेशंट. ने यायले आत."

मामाजी भिंत धरून धरून निघाले आणि माझ्या दवाखान्यात आले. चप्पल बाहेर काढली, तीही हातानं, कारण हात जमिनीजवळच होता. मी दार लावून घेतलं. ज्यांनी एकदा आत यावं म्हणून इतकी वर्षं वाट पाहिली ते आले होते, आणि आले होते ते लाथ खायला, असं मला वाटलं. रडू यायचंच बाकी होतं.

हात आपलं काम करत राहिले. त्यांना कुशीवर निजवलं, मग सावकाश पाठीवर. एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला. पायाच्या बोटांना जोर लावायला सांगितला. तळव्याला कापूस लावून विचारलं की कळतं का. मणक्यांवरून बोट फिरवलं, या वयात हाडाची भीती असते. सगळं ठीक होतं. उजव्या बाजूचा स्नायू तेवढा दगड झाला होता. मामाजी सगळं बघत होते. प्रत्येक गोष्टीला विचारत होते की हे कशासाठी, आणि मी सांगत होते. वर्गात एखादं पोर बरोबर उत्तर देत असावं तशी त्यांची मान हलत होती. मग शेक दिला, हातानं स्नायू मोकळा करत आणला.

बाहेरून आत्याबाईंचा आवाज आला की मारली का.

मी खालच्या आवाजात म्हटलं, "मामाजी, बाहेर सगळे थांबले आहेत. अंगठा टेकवू का नुसता?"

"टेकवून काय होणार," मामाजी म्हणाले. "तू पायाळू नाहीस."

मला वाटलं, दुखण्यानं काहीतरी बोलून राहिले आहेत.

"तुझ्या बाबांनी साखरपुड्यातच मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाले, गैरसमज नको, पायाळू ती नाही, तिचा मधला भाऊ. त्याच्या जन्माच्या वेळी नर्सबाईला आणायला तेच सायकल घेऊन धावले होते, म्हणून त्यांच्या पक्कं लक्षात होतं. मी म्हटलं, राहू द्या, आपण कुठं या गोष्टी मानतो."

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. ते मला यातलं कधी काही बोलले नव्हते. मी म्हटलं, "मग इतकी वर्षं तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुझा दवाखाना रिकामा होता, सूनबाई. रोज टेबल पुसत होतीस. मग लोक येऊ लागले. येऊन तुझ्याकडून तपासून घेऊ लागले, बरे होऊ लागले. त्यात मी काय सांगायला जाऊ?" मग म्हणाले, "पण मला खोटं बोलता येत नाही. इथं बसलो असतो तर कोणीतरी सरळ विचारलं असतं. म्हणून वाचनालयात जात होतो."

"लोक बाहेरही विचारायचेच की तुम्हाला."

"विचारायचे. मी खरं तेच सांगायचो."

तिच्या हाताला गुण आहे. मी त्या वाक्यात इतकी वर्षं न उच्चारलेली लाथ ऐकत होते. ते बिचारे हातच म्हणत होते.

मग मला एकदम मधला भाऊ आठवला. अख्ख्या घरातला एकमेव पायाळू, आणि दर भाऊबीजेला काटोलच्या सहा लेकरांतल्या एका साध्या लेकराची लाथ खाऊन बरा होऊन जाणारा. मी तोंडावर पदर दाबून हसायला लागले. मामाजींनी विचारलं की काय झालं, म्हणून त्यांना सांगितलं. तेही हसले आणि लगेच कळवळले. "हसवू नको, दुखतं," म्हणाले. आम्ही दोघं दाराआड आवाज दाबून हसत होतो आणि बाहेर गल्ली कान लावून उभी होती.

दार उघडलं. मामाजी माझा हात धरून बाहेर आले. पूर्ण सरळ नव्हते, पण चालत होते. वामनरावांनी काठी सावरली आणि नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याच्या भीतीनं हा माणूस इतकी वर्षं संध्याकाळी घराबाहेर बसला होता. "सर, लाथ लागली का?"

मामाजींनी चष्मा नीट केला.

"तिच्या हाताला गुण आहे," ते म्हणाले.

"पाहा," आत्याबाई बायांना म्हणाल्या, "अजूनही लाथ म्हणाची लाज वाटून राहिली यायले." सगळी गल्ली हसली. मी आत वळून टॉवेलाची घडी घालत बसले, कारण डोळे भरून आले होते आणि ते पेशंटांना दाखवायचे नव्हते.

मामाजी भिंत धरत आतल्या दारापर्यंत गेले. बिछान्याकडे पाहिलं, पण लोळायचं नाही हे पथ्य पाळून उभेच राहिले. मग मागं वळून मला हाक मारली. म्हणाले, "उद्या व्यायाम शिकायला किती वाजता येऊ?"

"सकाळी या," मी म्हटलं. "संध्याकाळी लोक विचारतात."